बुद्ध, गौतम

(इ. स. पू. सु. ५६३–सु. ४८३). बौद्ध धर्माचा संस्थापक. मूळ नाव सिद्धार्थ. गौतम हे गोत्रनाम. ‘बुद्ध’ म्हणजे ज्याला बोध झाला आहे असा. हे व्यक्तिनाम नसून उपाधी आहे. वरील सनावळी रूढ असली, तरी निर्विवाद नाही. श्रीलंकेतील परंपरेप्रमाणे अशोकाचा राज्याभिषेक बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी, तर उत्तरेकडील परंपरेप्रमाणे सुमारे १०० वर्षांनी झाला. १९८८ मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथे भरलेल्या परिसंवादानंतर अनेक अभ्यासक परिनिर्वाण इ. स. पू. ४०० च्या आसपास झाले असे मानतात.

जन्मस्थान लुंबिनी (सध्या नेपाळमध्ये). बुद्ध येथे जन्मला म्हणून गावाला बली माफ करून राजभाग एक-अष्टमांश केल्याची नोंद तेथील अशोकाच्या स्तंभलेखात आहे. हा लेख १८९६ मध्ये उजेडात आला. पिता शुद्धोदन हा शाक्यांचा राजा म्हणविला जातो. परंतु शाक्यांचे राज्य हे कोसलाच्या वर्चस्वाखालील एक गणराज्य होते. उत्तरकालीन काव्यांतील राजवैभवाची वर्णने वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. माता माया हिच्या निधनानंतर मावशी महाप्रजापती गौतमी हिने त्याचा सांभाळ केला. पत्नी यशोधरा व पुत्र राहुल.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी सिद्धार्थाने गृहत्याग केला. वृद्ध, रोगी, शव व संन्यासी यांच्या दर्शनाने वैराग्य येऊन तो मध्यरात्री, पत्नी व पुत्र झोपेत असताना निघून गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. पण पाली सुत्तपिटकातील ‘महापदानसुत्ता’त चार दर्शनांचा प्रसंग विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितला आहे; गौतमाच्या चरित्राशी तो नंतर जोडला गेला असावा. ‘अरियपरियेसनसुत्ता’त तर आईवडील रडत असताना, त्यांच्या इच्छेविरुद्ध केस कापून आपण घर सोडले, असे बुद्ध स्वतः सांगतो. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या मराठी ग्रंथात ही विसंगती दाखवून, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात चाललेला तंटा हे गृहत्यागाचे एक कारण मानले. सुत्तनिपातातील ‘अत्तदंडसुत्त’ हा त्यांचा मुख्य आधार. शस्त्रे घेऊन परस्परांशी झगडणाऱ्या लोकांना पाहून आपल्याला उद्वेग आला, असे त्यात बुद्ध म्हणतो; मात्र नदीचा वा शाक्यांचा उल्लेख तेथे नाही आणि अट्ठकथांत हा तंटा बुद्धत्वानंतरचा असून तो बुद्धानेच मिटविला आहे. कोसंबींचे मत त्यामुळे अनुमानच राहते, तथापि ते मूळ सुत्तांच्या आशयाशी विसंगत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात चार दर्शनांची कथा नाकारून पाण्याच्या तंट्याचा वृत्तांत स्वीकारला. १९५६ मध्ये नागपूर येथे त्यांच्यासह लक्षावधी अनुयायांनी बौद्ध धर्म स्वीकारला असल्याने महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाही : बुद्ध जगाला कंटाळून निघाला, की जगातील कलहाचे मूळ शोधण्यासाठी, यावर त्याच्या धर्माचा अर्थ अवलंबून आहे.

आळार कालाम व उद्दक रामपुत्त यांच्याकडील ध्यानमार्ग आणि नंतरची उग्र तपश्चर्या या दोहोंनी समाधान न झाल्याने गौतमाने अन्नत्याग सोडला. उरुवेला (बोधगया) येथे पस्तिसाव्या वर्षी त्याला बोध झाला. सारनाथ येथे पाच तपस्व्यांना केलेल्या पहिल्या उपदेशात सुखोपभोग व देहदंडन ही दोन्ही टोके टाळणारा मध्यम मार्ग आहे. दुःख आहे, तृष्णा हे त्याचे कारण, तृष्णेच्या नाशाने त्याचा निरोध होतो व आर्य अष्टांगिक मार्ग हा त्याचा उपाय, ही चार आर्यसत्ये. ती मूळ उपदेशातील आहेत काय, अशी शंका आंबेडकरांनी उपस्थित केली. बहुसंख्य अभ्यासक मात्र ती प्राचीनच समजतात. दुःख कारणातून उपजते, म्हणून कारण नाहीसे केल्यास तेही नाहीसे होते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा गाभा. नित्य आत्मा बुद्धाने मानला नाही. जग शाश्वत की अशाश्वत, अशा प्रश्नांना त्याने उत्तर दिले नाही; बाण लागलेल्या माणसाने तो कोणी मारला याची चौकशी पुरी होईतो बाण काढू न देण्यासारखे ते आहे, असा त्याचा दृष्टांत आहे.

पुढील पंचेचाळीस वर्षे तो मगध, कोसल इ. प्रदेशांत फिरत राहिला. संघात जातीला स्थान नव्हते. शाक्य कुमारांनी आपला अभिमान गळावा म्हणून उपाली या न्हाव्याला आपल्याआधी प्रव्रज्या देवविली, असे विनयपिटक सांगते. स्त्रियांना प्रवेश द्यावयास तो प्रथम राजी नव्हता. महाप्रजापतीचा आग्रह व आनंदाची मध्यस्थी यांमुळे तो मिळाला, पण आठ कडक नियमांसह. त्यांनी सर्वांत ज्येष्ठ भिक्षुणीलाही नव्या भिक्षूपेक्षा कनिष्ठ ठरविले.

ऐंशीव्या वर्षी कुशिनारा येथे त्याचे परिनिर्वाण झाले. त्याने उत्तराधिकारी नेमला नाही. आपल्यामागे धर्म व विनय हेच शास्ते, असे त्याने भिक्षूंना सांगितले. पुढे अस्थींच्या वाट्यावरून राजे व गण यांच्यात युद्धाचा प्रसंग आला, तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्यांचे आठ भाग करून दिले.