गोंदण, अलंकार आणि ख्रिस्ती विवेक : खानदेशाच्या संदर्भात एक विचार

खानदेशातील स्त्रीजीवनाचा अभ्यास करणाऱ्यास गोंदण हा विषय टाळता येत नाही. अंजनी नदीच्या काठी वसलेल्या एरंडोलपासून पश्चिमेस नवापूरपर्यंत, कुणब्याच्या घरात काय किंवा भिल्लाच्या झोपडीत काय, जुन्या पिढीतील स्त्रीच्या कपाळावर, हनुवटीवर अथवा मनगटावर हिरवट-निळे ठिपके आणि रेघा दिसतात. याच प्रदेशात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिस्ती मंडळ्याही उभ्या राहिल्या. भिल्ल, मावची व इतर समाजांतील ज्या स्त्रियांनी त्या काळी बाप्तिस्मा घेतला, त्यांपैकी अनेकींच्या अंगावर गोंदण आधीपासूनच होते. देव्हारा रिकामा करता येतो, गंडादोरा तोडता येतो, कुंकू पुसता येते. गोंदण मात्र पुसता येत नाही. जुन्या श्रद्धेची ही खूण अंगावर कायम असताना नव्या श्रद्धेने तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, असा प्रश्न यातून उत्पन्न होतो. तो केवळ रूढीचा नसून त्या स्त्रीच्या मनःशांतीचाही आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ख्रिस्ती शास्त्र, चर्चचा इतिहास आणि खानदेशातील परिस्थिती या तिन्ही अंगांनी करावयाचा आहे.

गोंदणाचा लोकमानसातील अर्थ

गोंदणाची जुनी रीत साधी होती. काजळी झाडपाल्याच्या रसात कालवून, एकत्र बांधलेल्या सुयांच्या टोकांनी ती कातडीत टोचली जाई. हे काम बहुधा भटक्या जमातींतील गोंदणाऱ्या बायका करीत. पुढे जत्रेत आणि बाजारात विजेऱ्यांवर चालणारी यंत्रे आली आणि ठिपक्यांबरोबर नावेही गोंदली जाऊ लागली. तुळस, पाळणा, विंचू, मोर ही चित्रे सर्वत्र परिचित आहेत. भिल्ल स्त्रियांच्या डोळ्यांच्या बाहेरील कोपऱ्यांशी असलेल्या बारीक रेघा ही तर त्या समाजाची ओळखच मानली जाते.

या खुणांमागे तीन हेतू एकत्र नांदतात. पहिला शोभेचा. ज्या घरात सोन्याचा मणी येण्याची आशा नव्हती, तेथे गोंदण हाच दागिना होता. दुसरा ओळखीचा : ही मुलगी कोणाची, कोणत्या जमातीची, हे तिचे अंगच सांगत असे. तिसरा हेतू परलोकाशी निगडित आहे. मेल्यानंतर सर्व दागिने उतरवून घेतले जातात, गोंदण तेवढे जीवाबरोबर जाते, आणि ज्या स्त्रीच्या अंगावर ते नाही तिला देवाच्या दारी शिक्षा भोगावी लागते, ही समजूत मध्य भारतातील अनेक जमातींत नोंदली गेली आहे. ख्रिस्ती विवेकाच्या दृष्टीने हा तिसरा हेतूच निर्णायक ठरतो, हे पुढे दिसून येईल.

गोंदणाच्या अक्षयतेची साक्ष खानदेशच्या काव्यातही सापडते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी आपल्या वैधव्यासंबंधी जे गाणे रचले, त्यात कुंकू पुसले गेले तरी गोंदण मागे उरले, असा भाव आहे. समाज जे देतो ते समाज परत घेऊ शकतो. कातडीत गेलेले मात्र कोणाला परत घेता येत नाही. धर्मांतर करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीतही हेच घडते.

शास्त्रवचन आणि त्याचे भाषांतर

गोंदणाविरुद्ध सामान्यतः जे वचन पुढे केले जाते ते जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायाचे २८वे होय. मृतांसाठी अंगावर जखमा करून घेऊ नयेत आणि अंग गोंदवून घेऊ नये, असा त्याचा आशय आहे. मूळ हिब्रूतील ज्या शब्दाचे भाषांतर ‘गोंदणे’ असे होते, तो शब्द संपूर्ण जुन्या करारात या एकाच ठिकाणी आला आहे. त्यामुळे त्याचा अर्थ संदर्भावरूनच ठरवावा लागतो, आणि संदर्भ मृतांसाठी करावयाच्या विधींचा, तसेच शेजारच्या राष्ट्रांच्या आचारांपासून वेगळे राहण्याचा आहे. इ. स. १६११ च्या इंग्रजी बायबलात येथे अंगावर खुणा उमटविण्याचा मोघम उल्लेख आहे. ‘टॅटू’ हा शब्द तेव्हा त्या भाषेत नव्हताच. तो अठराव्या शतकात कॅप्टन कुकच्या सफरींनंतर पॉलिनेशियातून आला. मराठीत मात्र ‘गोंदणे’ ही रोजच्या व्यवहारातील क्रिया तयारच होती, आणि प्रचलित मराठी भाषांतराने तीच योजिली. परिणामी, इंग्रजी वाचकास जे वचन दूरच्या काळातील वाटे, तेच मराठी वाचणाऱ्या खानदेशी स्त्रीला स्वतःच्या हनुवटीकडे बोट दाखविणारे वाटले, तर नवल नाही.

परंतु त्याच अध्यायात दाढीच्या कडा न छाटण्याची आणि दोन प्रकारच्या सुतांचे वस्त्र न वापरण्याची आज्ञाही आहे. ख्रिस्ती लोक त्या आज्ञा आज बंधनकारक मानीत नाहीत. तेव्हा एकच वचन निवडून त्यावर संपूर्ण निर्णय उभारणे तर्कास धरून होत नाही. शिवाय बायबलातच खुणेचा गौरवाने केलेला उल्लेखही आढळतो. उत्पत्तीच्या पुस्तकात काइनाला दिलेली खूण त्याच्या रक्षणासाठी आहे. यहेज्केलाच्या ९व्या अध्यायात अन्यायाबद्दल शोक करणाऱ्यांच्या कपाळावर खूण करण्याची आज्ञा आहे, आणि तेथील मूळ शब्द ‘ताव’ या हिब्रू अक्षराचे नाव असून प्राचीन लिपीत त्या अक्षराचा आकार क्रूसासारखा होता. यशयाच्या ४४व्या अध्यायात मनुष्य आपल्या हातावर ‘परमेश्वराचा’ असे लिहितो. उलट, प्रकटीकरणाच्या १३व्या अध्यायातील श्वापदाची खूण विनाशाची आहे. सारांश, बायबलाचा रोख खूण असणे वा नसणे यावर नसून, ती खूण कोणाच्या स्वामित्वाची आहे यावर आहे.

चर्चच्या इतिहासातील साक्ष

रोमन साम्राज्यात अंगावरील खूण ही मुख्यतः गुन्हेगाराची आणि पळून गेलेल्या गुलामाची असे. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एक कायदा करून दंडितांच्या चेहऱ्यावर खूण करण्यास मनाई केली, कारण मनुष्याचा चेहरा दिव्य सौंदर्याच्या प्रतिरूपाने घडविलेला आहे. हात आणि पोटऱ्या यांवर खूण करण्यास मात्र तोच कायदा परवानगी देतो. म्हणजे ख्रिस्ती विचाराचा पहिला कायदेशीर परिणाम गोंदणाविरुद्ध नसून मनुष्याच्या विटंबनेविरुद्ध होता.

याच्या जोडीला दुसरा प्रवाहही दिसतो. सहाव्या शतकाच्या सुमारास गाझा येथील प्रोकोपियस याने यशयावरील भाष्यात, अनेक ख्रिस्ती लोक मनगटावर किंवा दंडावर क्रूस अथवा ख्रिस्ताचे नाव उमटवून घेतात, अशी नोंद केली आहे. पोपच्या प्रतिनिधींनी इ. स. ७८६-८७ मध्ये इंग्लंडातील नॉर्थंब्रिया येथे जे ठराव केले, त्यांत मूर्तिपूजकांच्या रीतीने अंग रंगविण्याचा निषेध आहे. परंतु ईश्वरासाठी कोणी असे क्लेश सोसले तर ते स्तुत्य होय, असेही म्हटले आहे. मिसर देशातील कॉप्टिक ख्रिस्ती उजव्या मनगटाच्या आतील बाजूस लहान क्रूस गोंदवून घेतात, आणि अल्पसंख्य समाजात ती परस्परांची ओळख ठरते. इथिओपियातही क्रूस गोंदण्याची चाल आहे. जेरुसलेमच्या यात्रेची खूण म्हणून हातावर क्रूस गोंदवून घेण्याचा प्रघात शतकानुशतके चालत आला आहे. उस्मानी अमलाखालील बोस्नियातील कॅथलिक स्त्रियांच्या हातांवरही क्रूसाची नक्षी असे.

याच्या उलट उदाहरण ईशान्य भारतातील आहे. नागालँडमधील कोन्याक नागांमध्ये पुरुषाच्या चेहऱ्यावरील गोंदण शत्रूचे शिर कापून आणल्याची निशाणी होती. तेथे ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराबरोबर ते गोंदण मागे पडले, आणि ते स्वाभाविक होते. कारण ज्या कृत्याची ती खूण होती तेच त्याज्य ठरले होते. मिसरमधील गोंदण श्रद्धेची साक्ष देते, कोन्याकांचे गोंदण हत्येची साक्ष देत होते. सुई आणि काजळी दोन्हीकडे सारखीच. निर्णय वेगळा झाला तो अर्थामुळे.

अलंकारांचा प्रश्न

अलंकारांच्या बाबतीतही हाच भेद उपयोगी पडतो. नव्या करारातील तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र आणि पेत्राचे पहिले पत्र यांत केसांची रचना, सोने आणि मोलाची वस्त्रे यांपेक्षा सत्कृत्ये व सौम्य अंतःकरण हीच स्त्रीची शोभा म्हटली आहे. सुवार्तावादी प्रोटेस्टंट मंडळ्यांनी या वचनांना विशेष महत्त्व दिले. ब्रह्मदेशात काम करणारे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी अ‍ॅडोनिराम जडसन यांनी करेन स्त्रियांना दागिन्यांचा त्याग करण्यास सांगितले. परंतु अमेरिकेतून येणाऱ्या स्त्रियाच नटलेल्या असतील तर त्यांचा उपदेश कोण ऐकणार, ही अडचण त्यांना जाणवली, आणि १८३१ मध्ये त्यांनी खुद्द अमेरिकेतील ख्रिस्ती स्त्रियांना याविषयी पत्र लिहिले. नियम करणाऱ्यानेच प्रथम तो पाळावा, ही त्यांची प्रामाणिक भूमिका स्मरणीय आहे.

कॅथलिक परंपरेत अलंकार टाकण्याऐवजी त्यावरील चिन्ह बदलण्याकडे कल दिसतो. १७०४ मध्ये पोपचे प्रतिनिधी तूर्नों यांनी पाँडिचेरी येथे काढलेल्या आज्ञेत पिल्लैयार म्हणजे गणपती याची प्रतिमा असलेली ताली घालण्यास ख्रिस्ती स्त्रियांना मनाई केली. क्रूस अथवा मरियेची प्रतिमा असलेली ताली मात्र चालेल असे म्हटले. केरळातील सीरियन ख्रिस्ती स्त्रियांच्या ‘मिन्नु’वर मण्यांचा क्रूस असतो, आणि अनेक मराठी ख्रिस्ती स्त्रियाही मंगळसूत्रात क्रूस ओवतात. गोव्यात मात्र इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती पुरुषांचे धोतर आणि स्त्रियांची चोळीदेखील निषिद्ध ठरविली. श्रद्धा आणि पोशाख यांतील भेद नाहीसा झाला म्हणजे धर्मसत्ता कोठवर जाते, याचे हे उदाहरण होय. दीर्घ कालानंतर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात, लोकांच्या चालीरीतींपैकी जे अंधश्रद्धेशी अतूटपणे बांधलेले नाही त्याचा सहानुभूतीने विचार व्हावा, हे तत्त्व मान्य केले.

या संदर्भात पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) उदाहरण मार्मिक आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर, तेथील भगिनीसंघाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत हे त्यांना पटले नाही. त्यांनी संस्कृतचा आग्रह धरला. क्रूसाला त्यांचा विरोध नव्हता. जी भाषा आपली नाही, तिची खूण अंगावर वागविण्यास त्यांचा विरोध होता.

खानदेशापुरता निष्कर्ष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ख्रिस्ती समाजातील पहिला मोठा वाद अंगावरील खुणेसंबंधीच होता, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. ती खूण म्हणजे सुंता. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होताना सुंता करून घ्यावी काय, यावर पहिल्या शतकाच्या मध्यास यरुशलेमेत विचार झाला आणि ते ओझे त्यांच्यावर लादू नये असे ठरले. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७व्या अध्यायात याची दुसरी बाजूही स्पष्ट केली आहे : सुंता झालेल्या मनुष्याला पाचारण झाले असल्यास त्याने ती खूण नाहीशी करण्याच्या खटपटीस लागू नये. खानदेशातील गोंदलेल्या ख्रिस्ती स्त्रीला याहून नेमके शास्त्रवचन मिळणे कठीण. तिचे गोंदण बहुधा बालपणी, वडीलधाऱ्यांच्या इच्छेने झालेले असते. ते पाप नव्हे, लाजही नव्हे, आणि ते झाकण्याचे किंवा जाळून काढण्याचे तिला कारण नाही.

नव्याने गोंदवून घेण्याचा प्रश्न निराळा आहे. शोभेसाठी किंवा कुळाच्या ओळखीसाठी घेतलेल्या गोंदणाविरुद्ध ख्रिस्ती शास्त्रात ठाम आधार काढणे अवघड आहे. तेथे साधेपणा आणि आरोग्य यांचा विचार पुरे. एकाच सुईने अनेकांना टोचल्यास कावीळ किंवा एच. आय. व्ही. यांचा संसर्ग होऊ शकतो, ही जाणीव जत्रेच्या ठिकाणी विशेष हवी. परंतु गोंदणावाचून परलोकी गती नाही, या भीतीने मुलीला गोंदविले जात असेल, तर ते ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशी विसंगत आहे. कारण तारण कृपेने मिळते, काजळीने नव्हे. हाच न्याय क्रूसाच्या गोंदणासही लावला पाहिजे. हातावरचा क्रूस साक्ष म्हणून असेल तर कॉप्टिक परंपरा त्याच्या पाठीशी आहे. तो ताईत म्हणून असेल तर जुनीच भीती नव्या आकारात परत आली असे समजावे.

शाळांचा प्रसार आणि बदललेली अभिरुची यांमुळे जुने गोंदण वेगाने लोपत आहे, आणि त्याच वेळी शहरांतून टॅटूची नवी हौस गावोगाव पोहोचत आहे. दोहोंना एकच नाव दिले तरी दोहोंचे अर्थ एक नाहीत. एरंडोल-धरणगाव परिसरात आणि भिल्ल व मावची वस्त्यांत ज्या वृद्ध स्त्रियांच्या अंगावर जुनी गोंदणे आहेत, त्यांच्याकडून त्या खुणांची नावे, त्या केव्हा व कोणी गोंदल्या, आणि त्यांविषयी त्यांना काय सांगितले गेले होते, हे त्यांच्याच बोलीत टिपून ठेवणे अगत्याचे आहे. ख्रिस्ती वस्त्यांत एक प्रश्न अधिक विचारावा : बाप्तिस्म्यानंतर त्या गोंदणाविषयी मंडळीत कोणी काय म्हटले? त्या उत्तरांवरून या प्रदेशातील धर्मांतराचा इतिहास त्या स्त्रियांच्या बाजूने लिहिता येईल.