सापडलेली टोपी, हरवलेला आवाज

बँकेच्या नोकरीचा सारा डोलारा अविश्वासावर उभा असतो, हे बाहेरच्या लोकांना फारसे ठाऊक नसते. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या ताब्यात असतात, कारण एकट्यावर भरवसा टाकायचा नसतो. एकाने लिहिलेले व्हाउचर दुसऱ्याने तपासायचे, दुसऱ्याने तपासलेले तिसऱ्याने, आणि मग कधीतरी ऑडिटर येऊन तिघांनाही तपासणार. गड्डीवर शंभर नोटांची पट्टी असली तरी ती मोजूनच घ्यायची. सगळी उमेद यात गेल्यावर माणसाचा स्वभावच तसा होतो. भाजीवाल्याने परत दिलेले सुटे पैसे मी अजूनही दोनदा मोजतो आणि सौ. तेवढ्या वेळात चार पावले पुढे जाऊन, हा गृहस्थ आपल्याबरोबर नाहीच, असा चेहरा करून उभी राहते.

अशा माणसाला टोकियोत पाठवू नये. पण लेक, जावई आणि सात वर्षांची नात तिथे राहतात, तेव्हा २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघे पुण्याहून निघालो आणि पुढचे अडीच महिने त्या शहरात काढले. लेकीचे घर निशिकासाई या भागात. तिथे रस्त्यावर जपानी पाट्यांखालून चालताना अचानक हिंदी, तमीळ आणि क्वचित चक्क मराठीही कानावर येते. डाळी, हिंग आणि कढीपत्ता मिळणारी दुकाने आहेत. या वस्तीमागे एक गंमत आहे. १९९९ साल संपताना संगणकातल्या तारखा बिघडून जगाचे व्यवहार कोलमडतील अशी धास्ती होती, ती तुम्हाला आठवत असेल. ती ३१ डिसेंबरची रात्र मी शाखेत लेजरच्या छापील प्रती उशाला घेऊन काढली होती. त्याच धास्तीपोटी जपानी बँकांनी आणि कंपन्यांनी भारतातून संगणक अभियंते बोलावले. पेढ्यांचा आणि बँकांचा भाग म्हणजे ओतेमाची, निहोनबाशी. तिथे थेट नेणारी तोझाई लाइन निशिकासाईवरून जाते, आणि जामीनदार न मागता भाड्याने मिळणाऱ्या सरकारी धाटणीच्या इमारती इथे होत्या. म्हणून ही मंडळी इथे उतरली आणि रुजली. इतकी, की २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ एदोगावा या इथल्या प्रभागाच्या सभेवर निवडून आले.

पहिल्या दिवशी जावयाबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. पैसे हातात द्यायचे नाहीत, गल्ल्यापाशी एक छोटे तबक असते त्यात ठेवायचे. पोरगेलेशा विक्रेत्याने नोट उचलली, किती रुपयांची, म्हणजे येनची, ते मोठ्याने सांगितले. परत द्यायच्या नोटा पंख्यासारख्या पसरून माझ्या डोळ्यांदेखत मोजल्या आणि किंचित वाकून दोन्ही हातांनी पुढे केल्या. माझ्या हाताखाली इतकी वर्षे रोखपाल होऊन गेले, पण असा एकही मिळाला नाही. मी तरी सवयीने पैसे मोजलेच. बरोबर होते.

खरा धक्का बसला तो चहाच्या दुकानात. समोरच्या टेबलाशी एक तरुणी आली, खुर्चीत आपली पर्स ठेवली, टेबलावर मोबाइल ठेवला आणि शांतपणे रांगेत जाऊन उभी राहिली. जागा धरण्याची ही तिथली पद्धत! आपल्याकडे एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतात, तो टाकतानाही लोक मनाशी त्या रुमालाची किंमत करून टाकतात. ती बाई परत येईपर्यंत मी त्या परक्या पर्सची राखण करत बसलो. माझा चहा थंड झाला.

पुढच्याच आठवड्यात सौ.ची लोकरीची कानटोपी बागेजवळच्या रस्त्यात कुठेतरी पडली. गेली ती गेली, असे म्हणून आम्ही सोडून दिली. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जाताना पाहतो तर कुंपणाच्या कठड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा उंचीवर, घडी करून ठेवलेली टोपी! रात्रभर ती तिथेच होती. कुणीतरी वाकून ती उचलली होती, झटकली होती आणि तिच्या मालकिणीच्या वाटेवर ठेवून दिली होती. सौ.ने ती डोक्यावर चढवली आणि मला म्हणाली, “आता मोजून घ्या.”

मला राहवेना. या लोकांच्या रक्तातच प्रामाणिकपणा आहे काय, असे मी जावयाला विचारले. तो हसून म्हणाला, “बाबा, तुम्ही दुकानाबाहेर छत्री ठेवून बघा.” प्लास्टिकच्या पारदर्शक छत्र्या तिथे सर्रास बदलतात, म्हणजे सभ्य भाषेत चोरीला जातात. सायकलीही जातात, म्हणून त्यांना कुलूप लागते आणि त्यांची पोलिसांत नोंद होते. तेव्हा रक्ताचा प्रश्न नाही. मग काय आहे?

हळूहळू जे उलगडत गेले त्याने माझ्यातल्या बँकवाल्याला बरे वाटले, कारण तिथेही व्यवस्थाच निघाली. वस्तीवस्तीत, स्टेशनांजवळ ‘कोबान’ म्हणजे लहानशी पोलीस चौकी असते. सापडलेली वस्तू नेऊन द्यायला लांब जावे लागत नाही आणि देणाऱ्यावरच संशय घेतला जात नाही. सापडलेल्या वस्तूंसाठी तिथे १८९९ सालापासून कायदा आहे. तो पुढे नव्याने लिहिला गेला. मालकाने सापडवणाऱ्याला वस्तूच्या किमतीच्या पाच ते वीस टक्के बक्षीस द्यायचे असते, आणि तीन महिन्यांत मालक आलाच नाही तर बहुतेक वस्तूंवर सापडवणाऱ्याचा हक्क येतो. २०१८ साली एकट्या टोकियोच्या पोलिसांकडे सुमारे ३८० कोटी येन एवढी रोकड लोकांनी आणून दिली. त्यातली बहुतेक रक्कम मालकांना परत मिळाली. २०११ च्या त्सुनामीनंतर ईशान्य किनाऱ्यावर चिखलातून सापडलेल्या पाच हजारांहून जास्त तिजोऱ्या पोलिसांकडे जमा झाल्या होत्या. हे वाचताना, खरे सांगतो, माझा गळा दाटून आला. तिजोरीत काय असते आणि ती घरात कुठल्या कोपऱ्यात ठेवलेली असते, हे मला ठाऊक आहे.

ही व्यवस्था अंगी कशी मुरते ते मात्र नातीने दाखवले. ती जपानी सरकारी शाळेत पहिलीत होती. पहिलीच्या मुलांना पिवळी टोपी असते, म्हणजे मोटारवाल्यांना लांबून कळावे की हे पाखरू नवे आहे. सकाळी ही सात वर्षांची पोर पाठीवर भले मोठे दप्तर घेऊन एकटी निघायची. आजोबांनी सोडायला येऊ नये, अशी ताकीदच होती. कुणाचेच आजोबा येत नाहीत. पहिले तीन दिवस मी गॅलरीतून मान लांब करून बघत राहिलो. मग एके दिवशी तिनेच मला तिचा रस्ता फिरवून दाखवला. दप्तराच्या पट्ट्याला लटकणारी शिट्टीवजा डबी, दोरी ओढली की ती केकाटते. काही दुकानांच्या आणि घरांच्या दारांवर एक चित्र चिकटवलेले. त्याचा अर्थ, भीती वाटली तर इथे शिरायचे, आतली माणसे दार उघडतील आणि पोलिसांना बोलावतील. चौकात झेंडा घेतलेले म्हातारे स्वयंसेवक. रोज संध्याकाळी खांबावरच्या कर्ण्यांतून एक संथ धून वाजते. मुलांनी ती ऐकून घरी परतायचे, आणि भूकंपाच्या वेळी सूचना देणारी यंत्रणा चालू आहे की नाही, हेही त्यातून रोज तपासले जाते. एका धुनीत दोन कामे! वर्ग मुलेच झाडतात, जेवण मुलेच वाढतात. सुट्टीच्या दिवशी नातीने माझ्याकडून जेवणाचे टेबल पुसून घेतले आणि फडके पिळायची योग्य पद्धतही शिकवली.

एकट्या चालणाऱ्या त्या मुलीच्या मागे असा अख्खा मोहल्ला उभा असतो. आपल्याला दिसते ती फक्त पिवळी टोपी.

इथवर लिहून थांबलो असतो तर परदेश बघून आलेल्या माणसाचे नेहमीचे कौतुक झाले असते. पण अडीच महिने म्हणजे कौतुक ओसरायला पुरेसा वेळ असतो.

तोझाई लाइनची गर्दी आपल्याला नवी नाही. २०१९ साली सकाळच्या वेळी एका टप्प्यात क्षमतेच्या १९९ टक्के माणसे तीत भरत होती आणि ती टोकियोतली सर्वांत गच्च गाडी म्हणून मोजली गेली होती. उमेदवारीच्या काळात मी डोंबिवलीहून मुंबईला लोकलने जात असे. १९९ टक्के म्हणजे आम्हाला जवळजवळ मोकळी गाडी. फरक आहे तो आवाजाचा. आमच्या डब्यात भजने होती, पत्ते होते, ‘जरा सरकून घ्या’ होते, कुणाच्या मुलीचे स्थळ आणि कुणाच्या बापाचे मोतिबिंदू होते. तोझाईच्या डब्यात शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि स्टेशनांची नावे सांगणाऱ्या आवाजाखेरीज काहीही ऐकू येत नाही. दुसऱ्याला त्रास नको म्हणून फोनवर बोलायचे नाही. मोठ्याने बोलायचे नाही. बागेतल्या बाकावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ रोज सकाळी येऊन बसत. अडीच महिने आम्ही एकमेकांना मान लववत राहिलो. भाषा नव्हती हे खरे. पण त्यांची भाषा बोलणारी किती माणसे समोरून जात होती, त्यांतलेही कुणी थांबत नसे.

डिसेंबरात जावयाबरोबर बँकेत गेलो. निवृत्त घोड्याला तबेला दाखवावा तसा मी खूश. यंत्राजवळ एक मोठे भित्तिपत्रक होते: एक म्हातारी, कानाला फोन. जावयाने अर्थ सांगितला. घरच्या फोनवर फोन येतो, “आई, मी बोलतोय.” आवाज रडवेला. सर्दी झालीये, फोन बदललाय, कंपनीच्या पैशांची बॅग गाडीत विसरली, आजच्या आज भरले नाहीत तर नोकरी जाईल. मी येऊ शकत नाही, सहकारी येईल, त्याच्याकडे दे. आई धावतपळत पैसे काढते आणि अनोळखी माणसाच्या हाती ठेवते. या ठकबाजीला पूर्वीपासून ‘मी, मी’ अशा अर्थाचे नाव होते. २०१३ साली टोकियोच्या पोलिसांनी लोकांकडून सूचना मागवून ‘आई, मला वाचव’ अशा अर्थाचे नवे नाव ठेवले. म्हणून तिथे कुणी वृद्ध माणूस मोठी रक्कम काढायला आला की बँकेचे कर्मचारी आपुलकीने चार प्रश्न विचारतात. आम्ही होतो तेव्हाही एका आजींना खिडकीपाशी बसवून एक मुलगी हळू आवाजात बोलत होती.

ज्या शहरात रस्त्यात पडलेली टोपी घडी घालून परत मिळते, त्याच शहरात हे चालते! पण मला चोराचे नवल वाटले नाही. चोर सगळीकडे असतात, त्यांच्यावरच आमचे पोट चालले. मला लागून राहिली ती वेगळीच गोष्ट. परक्या माणसाने आपल्या मुलाचा आवाज काढावा आणि आईला तो ओळखू येऊ नये, यासाठी त्या मुलाचा आवाज तिने किती दिवसांत ऐकलेला नसेल?

परत आल्यावर जपानी पोलिसांची एक आकडेवारी वाचनात आली. २०२४ या एका वर्षात तिथे ७६ हजारांहून अधिक माणसे आपल्या घरात एकटी असताना मरण पावली. त्यांतली ५८ हजार पासष्टी ओलांडलेली होती. कुणालाही त्रास न देता जगणाऱ्यांनी जातानाही त्रास दिला नाही, असे म्हणायचे का?

आपण हसण्यासारखी परिस्थिती नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत अनेक घरांतली मुले परदेशात आहेत. २०२४ सालीच आपल्याकडे ‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द घरोघर पोचला: पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओवर दरडावतो आणि पेन्शनर तासन् तास खोलीत स्वतःला कोंडून आयुष्याची पुंजी त्याच्या खात्यात वळवतात. शेजारी विचारायला जावे, तर दार बंद. टोकियोची चौकी, कायदा, पिवळी टोपी आपण अजून उचललेली नाही. दार बंद करणे मात्र उचलले.

अनोळखी माणसांमधला भरवसा व्यवस्थेने उभा करता येतो, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिले. आपल्याकडेही तो करता येईल. त्याला शंभर वर्षे आणि रोज झाडलेला वर्ग लागतो. आपल्या माणसांमधला भरवसा मात्र कुठल्याही चौकीत जमा करून ठेवता येत नाही. तो बोलून, वरचेवर बोलून, आवाज कानात राहील इतके बोलूनच टिकतो. लेक दर रविवारी फोन करायची, तो आता बुधवारीही येतो. विषय काही नसतो. आमटीत काय घातले, नातीचा कुठला दात पडला.

तिथले पोलीस घरोघरी एक सल्ला देतात: कुटुंबाने आपसात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा आणि पैशांचा फोन आला की तो विचारावा. निघायच्या आदल्या रात्री नातीच्या अध्यक्षतेखाली आम्हीही तो ठरवला. मराठी शब्द आहे, साधाच, आमच्या घराबाहेर कुणाला सुचणार नाही असा. तिजोरीची एक किल्ली तिच्याकडे, एक माझ्याकडे. तो शब्द इथे लिहिता येणार नाही, हे वाचक समजून घेतील.