गाडीचें कांपरें

गेल्या माघांत कन्हेरीस मारुतीच्या दर्शनास निघालों असतां आमच्या मोटारीस प्रथम कांपरें भरलें. पाटसला सोलापूरचा रस्ता सोडून गाडी बारामतीच्या वाटेस लागली, रस्ता मोकळा मिळाला, वेगाचा कांटा पासष्टांवर स्थिर झाला, आणि पायांखालीं एकदम थरथर सुरू झाली. रस्त्यावरील गतिरोधकाच्या बारीक पट्ट्यांवरून चाकें जावींत तशी ती होती. परंतु रस्त्यावर पट्टी एकहि नव्हती. दोन-तीन सेकंदांत ती थांबली. मागें बसलेल्या आत्याबाईंनीं जपाची माळ क्षणभर थांबवून "टायरांत खडा अडकला असेल," असा निकाल दिला. आम्हींहि तो मान्य केला, कारण तो स्वस्त होता.

खडा नव्हता. महिन्याभरांत तीच थरथर तीन वेळां झाली. तेव्हां गाडी शहरांतील एका कारखान्यांत नेली. तेथील गृहस्थांनीं ती पांच मिनिटें फिरवून आणली आणि गिअरबॉक्स बदलावा लागेल असें सांगितलें. खर्चाचा आंकडा दोन लाखांच्या घरांत होता. ही आपोआप गिअर बदलणारी गाडी आम्हीं हौसेनें घेतलेली नाहीं. वडील बंधूंचा डावा गुडघा क्लच दाबावयास नकार देऊं लागला, आणि गाडी चालविणें सोडावयास ते स्वतः तयार होईनात, म्हणून ती घेतली. घरांत दोन लाख बाजूस होते, नाहीं असें नाहीं. पण ते पुतणीच्या इंजिनियरिंगच्या फीचे होते. रात्रीं जेवणें झाल्यावर हा विषय निघाला तेव्हां तीच म्हणाली, "काका, गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीं एवढें पाहूं या. कुलुपाला हुकूम मिळतो कीं नाहीं, आणि मिळाला तर तें तो पाळतें कीं नाहीं?"

हें कुलूप कसलें, तें सांगितलें पाहिजे.

साध्या मोटारींत एंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्यें क्लच असतो; या जातीच्या गाडींत त्याच्या जागीं टॉर्क कन्व्हर्टर नांवाचा ऑइलनें भरलेला बंद डबा असतो. ताकाच्या डेऱ्यांत एक रवी फिरविली कीं ताक फिरूं लागतें, आणि त्या फिरत्या ताकांत दुसरी रवी सोडली तर तीहि फिरते. पहिली रवी एंजिनाची, दुसरी गिअरबॉक्सची. दोहोंच्या मध्यें तिसरें एक पंख्याचें चक्र असतें. तें परत येणाऱ्या ऑइलला असें वळण देतें कीं गाडी जागची हलतांना एंजिनाचा जोर सुमारें दुप्पट होऊन चाकांकडे जातो. सोय मोठी आहे. पण दुसरी रवी पहिलीच्या किंचित् मागेंच राहावयाची. हा फरक म्हणजे वायां गेलेलें इंधन, आणि त्याची उष्णता ऑइलांत उतरते. म्हणून वेग स्थिर झाला कीं आंतला एक लहान क्लच या दोन्ही रव्या घट्ट जखडून टाकतो. हेंच तें कुलूप. कारखान्यांतील लोक त्यास लॉक-अप म्हणतात.

कल्पना जुनी आहे. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनियरानें द्रवामधून शक्ति नेण्याची युक्ति १९०५ मध्यें शोधली, ती जहाजांसाठीं. मोटारीच्या कन्व्हर्टरला कुलूप लावण्याचें काम अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें १९४९ मध्यें केलें. पण पेट्रोल स्वस्त असतांना त्याची कदर कोण करणार? १९७३ च्या तेलटंचाईनंतर सर्वांचे डोळे उघडले आणि १९७८ मध्यें क्रायस्लरनें तें आपल्या गाड्यांत घातलें. आपल्याकडेहि या विद्येचा वारसा आहे, आणि तो आमच्या वाटेवरच आहे. मनमोहन सुरी या भारतीय इंजिनियरानें रेल्वेच्या डिझेल एंजिनांसाठीं आरंभीं कन्व्हर्टरमधून आणि वेग आल्यावर थेट जोडणीनें शक्ति नेणारी यंत्रणा रचली. त्यांस १९६२ चें भटनागर पारितोषिक मिळालें, आणि 'सुरी ट्रान्समिशन' या नांवानें ती यंत्रणा पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीनें तयार केली. चित्तरंजन येथें बांधलेलीं, यार्डांत डबे हलविणारीं एंजिनें तिच्यावर चाललीं. हडपसरहून जातांना आमचे बंधू हें दर खेपेस सांगतात. आतां आम्ही मन लावून ऐकतों.

असो. निदानाकडे वळूं. प्रथम आपली गाडी कोणत्या जातीची तें पाहावें, कारण आपल्या देशांत 'ऑटोमॅटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा लहान गाड्यांत नेहमींचाच क्लच असून तो पायाऐवजीं यंत्र दाबतें. त्यांत कन्व्हर्टरच नसतो, मग त्याचा रोग कोठून असणार?

कन्व्हर्टरची गाडी असेल तर कुलुपाचे विकार मुख्यतः तीन. तें लागतच नाहीं. तें सुटतच नाहीं. किंवा तें धड लागतहि नाहीं आणि धड सुटतहि नाहीं. सुटत नसेल तर ओळखणें सोपें आहे: सिग्नलला गाडी थांबतां थांबतां एंजिन आचका देऊन बंद पडतें, जसें नवशिक्यानें क्लच न दाबतां ब्रेक मारावा. लागत नसेल तर बसणाऱ्यास कांहींच कळत नाहीं. एंजिनाचे फेरे त्याच वेगास पूर्वींपेक्षां दोन-तीनशें अधिक दिसतात, पेट्रोल अधिक लागतें, ऑइल तापतें. येथेंच पुतणीचा प्रश्न उपयोगी पडतो. एंजिन पुरतें तापलेलें नसेल, किंवा ब्रेकवर पाय आहे असें यंत्रास वाटत असेल, तर हुकूम सुटतच नाहीं. थर्मोस्टॅट उघडा अडकून एंजिन सदा थंड राहिलें, किंवा पेडलाखालचें ब्रेकच्या दिव्याचें बटण बिघडलें, तरी बिचारा गिअरबॉक्स गुन्हेगार ठरतो! पाय काढल्यावर मागचे लाल दिवे विझतात कीं नाहीं हें घरांतलें पोरहि सांगेल. हुकूम सुटतो पण पाळला जात नाहीं असें दिसलें, तर मग तो पोंचविणाऱ्या सोलेनॉइडची तार व रोध मोजावा, त्यानंतर ऑइलच्या वाटा पाहाव्या, आणि सर्वांच्या शेवटीं कन्व्हर्टर उतरवावा. स्कॅनर पी ०७४० दाखवूं लागला तर तक्रार तारेच्या मंडळाची, पी ०७४१ असेल तर कुलूप लागत नसल्याची, पी ०७४२ असेल तर सुटत नसल्याची. तक्रार कोठें आहे एवढेंच हा आंकडा सांगतो, दोष कोणत्या भागाचा तें नव्हे. पुष्कळ कारखाने येथेंच घाई करतात.

आमचा विकार तिसरा. त्याचीं दोन लक्षणें ध्यानांत येण्यास आम्हांस उशीरच झाला. कन्हेरीहून सकाळीं गाडी निघाली कीं बारामती ओलांडेपर्यंत ती शहाण्यासारखी चाले; ऑइल तापल्यावरच थरथर येई. आणि उसाच्या ट्रॉलीमागें रखडत असतांना ती कधींच आली नाहीं, कारण तेवढ्या वेगास कुलूप लागतच नाहीं.

एका रविवारीं परीक्षा घेतली. बंधू चालवीत होते, पुतणी स्कॅनर घेऊन शेजारीं, आम्ही मागें वही घेऊन. मागें-पुढें वाहन नाहीं असें पाहून थरथर येतांच बंधूंनीं उजव्या पायानेंच ब्रेकला नुसता स्पर्श केला. बहुतेक गाड्यांत तेवढ्यानें कुलूप सुटतें. थरथर तत्काळ थांबली आणि एंजिनाचे फेरे जरा वर चढले. एंजिनाचा एखादा सिलिंडर चुकत असता तर ती अशी थांबली नसती, चढावर उलट वाढली असती. स्कॅनरवर हुकूम सुटलेला दिसत होता. पण दोन रव्यांमधला फरक शून्याजवळ स्थिर राहण्याऐवजीं सारखा उड्या मारीत होता. म्हणजे हुकूम मिळत होता. क्लचचें अस्तर धरी, घसरे, पुन्हां धरी.

अशी धरसोड अस्तर झिजल्यानें होते, तशीच ऑइल निकामी झाल्यानेंहि होते. त्यांतील जें द्रव्य घर्षण नियमित ठेवतें तें कालांतरानें सरतें. मग घरांतली पावत्यांची फाईल निघाली. दोन वर्षांपूर्वीं ऑइल बदललें होतें, पण कंपनीच्या पुस्तिकेंत लिहिलेल्या जातीचें नव्हे, 'सर्व गाड्यांस चालणारें'! पैसे वांचले म्हणून आम्हींच त्या वेळीं आनंद मानला होता.

दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रीनें जुनें ऑइल सोडलें. रंग तपकिरी, वास किंचित् जळका. पांढऱ्या फडक्यांतून गाळल्यावर धातूचा कीस मात्र नव्हता. कीस असता तर गोष्ट येथेंच संपली असती, आणि फीचे पैसेहि. पुस्तिकेंतील ऑइल भरलें. एकदां सोडल्यानें निम्म्याहूनहि कमीच ऑइल बाहेर येतें, उरलेलें कन्व्हर्टरांत राहतें. म्हणून पांचशें किलोमीटरांनंतर पुन्हां बदललें. ऑइलची पातळी विशिष्ट तापमानासच पाहावी लागते, तीहि त्यानें अंगुळानें नव्हे तर स्कॅनर लावून पाहिली. सर्व मिळून खर्च पंधरा हजारांच्या आंत झाला.

चैत्रांत हनुमान जयंतीस पुन्हां कन्हेरीस गेलों. जातांना पाटसपासून बारामतीपर्यंत सगळे कान देऊन बसलों होतों. कांहीं झालें नाहीं. परततांना यवतच्या अलीकडे एकदां, अगदीं पुसट, थरथर जाणवली. आत्याबाई म्हणाल्या, "हें मात्र रस्त्याचें हो." आम्हीं तरी वहींत तारीख, वेग आणि ऑइलचें तापमान मांडून ठेविलें. ऑइल तिसऱ्यांदा बदलावयाचें ज्येष्ठांत ठरलें आहे, आणि तरीहि ती गेली नाहीं तर कन्व्हर्टर उतरवावा लागेल हें बंधूंनीं मान्य केलें आहे. पुतणीची फी भरली गेली.