सगळंच ‘बीटी’ नसतं, मैत्रिणींनो!

गटाच्या बैठकीत भाजीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, “वांग्याला चव राहिली नाही, सगळं बीटी झालंय.” पोखर्णीच काय, गावोगावी हेच बोलणं. पण खरं काय?

आधी फरक समजून घेऊ. हायब्रीड म्हणजे दोन वाणांचा संकर. हायब्रीड ज्वारी सासूबाईंच्या काळापासून आपल्याकडे आहे. बीटीमध्ये मातीतल्या एका जिवाणूचं जनुक प्रयोगशाळेत पिकात घालतात. त्यामुळे ठरावीक अळ्या मरतात.

आपल्या देशात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बीटी वांगं जालन्याच्या महिको कंपनीनं तयार केलं. केंद्राच्या समितीनं २००९ मध्ये त्याला मान्यता दिली, पण देशभर वाद झाला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांचं ऐकून घेतलं, त्यात आपलं नागपूरही होतं. कुणी म्हणालं, फवारणीचा खर्च वाचेल. कुणाला काळजी होती तब्येतीची, देशी वाणांची आणि बियाणं कंपनीच्या हातात जाण्याची. शेवटी फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून शेतकरी हे वांगं लावतात.

म्हणजे आपल्याकडे बीटी वांग्याला परवानगीच नाही, टोमॅटोचंही तसंच. चव बदलते ती वाण, खत आणि पाण्यामुळे.

मग घरात बीटी येतच नाही का? येतं. बीटी कापसाच्या सरकीचं तेल खाण्यात जातं, पेंड म्हशीला. रिफाइंड तेलात बीटीचं प्रथिन जवळजवळ उरत नाही. आपलं सोयाबीनही बीटी नाही. २०२१ मध्ये कोंबडीखाद्यासाठी परदेशातून जनुक बदललेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी मिळाली, तेव्हा शेतकऱ्यांना भीती होती ती भाव पडण्याची.

तुमचं मत बाजूचं असो की विरोधातलं, एवढं नक्की करा :

• बियाणं सीलबंद पाकिटातलंच घ्या, पक्की पावती आणि पाकीट जपून ठेवा. ‘चोर बीटी’ला मान्यता नाही. उगवलं नाही तर पावतीशिवाय दाद कुठे मागणार?
• ‘बीटी नाही’ असं सांगून वांग्याला जादा भाव मागू नका, कारण आपल्याकडे बीटी वांग्याला परवानगीच नाही. देशी वाण असेल तर त्या वाणाचं नाव सांगा. गिऱ्हाईक त्याच नावानं परत येईल.