प्रयोग कातडीवर, पण कोणाच्या?

रविवारच्या आमच्या अभ्यासवर्गाला बारावीतली एक मुलगी तोंडाला ओढणी गुंडाळून आली. वर्ग संपेपर्यंत तिने ती सोडली नाही. शेवटी तिच्या आईने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘भाऊ, पोरीला मुरमं आली होती. शेजारणीनं एक ट्यूब सांगितली, ती मेडिकलमधून आणली. आठ दिवस चेहरा कसा नितळ झाला! आता तुम्हीच बघा.’’ ओढणी बाजूला झाली. गाल लालबुंद झाले होते, कातडी पातळ पडली होती आणि मुरुमे पहिल्यापेक्षा दुप्पट झाली होती.

आम्ही ट्यूब मागवून पाहिली. बारीक अक्षरांत तीन औषधांची नावे होती. एक स्टेरॉइड, एक जंतुनाशक आणि एक बुरशीनाशक. मुरुमांसाठी ते मलम नव्हतेच! मायलेकींना घेऊन आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो, केसपेपर काढला, त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवले. उपचार सुरू झाले. परतताना बसमध्ये त्या मुलीने आम्हाला विचारले, ‘‘काका, मुरमांचं खरं औषध बाजारात यायच्या आधी कोणाच्या तोंडावर लावून बघतात?’’

प्रश्न साधा होता, पण आम्हाला उत्तर देता येईना. आमचे शिक्षण कॉमर्सचे आणि नोकरी कारकुनाची. तेव्हा आम्ही वाचायला बसलो. जे हाती लागले ते मुलांच्या आईवडिलांनी जाणून घेण्यासारखे आहे, म्हणून येथे मांडतो.

मुरूम म्हणजे काय?

आपल्या कातडीत केसांच्या मुळाशी तेल बनविणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. मुलेमुली वयात येऊ लागली की शरीरातील संप्रेरके वाढतात आणि या ग्रंथी जादा तेल बनवू लागतात. त्याच सुमारास छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी साचून बूच बसते. तेल आत कोंडते. कातडीवर एरवी निमूट राहणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू त्या तेलात फोफावतो. मग शरीर त्याच्याशी लढू लागते आणि लाली, सूज, पू दिसू लागतो.

म्हणजे तेल, बूच, जंतू आणि सूज अशा चार गोष्टी झाल्या. मुरुमांचे प्रत्येक खरे औषध या चारांपैकी कशावर तरी काम करते. घाण हे मुरुमांचे मूळ नव्हे. म्हणून तोंड घासघासून धुतल्याने मुरुमे जात नाहीत, उलट चिडतात.

सशाचा कान आणि कैद्याची पाठ

उंदरा-सशांना माणसासारखी मुरुमे येत नाहीत. तरीही अनेक वर्षे सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला क्रीम किंवा तेल रोज चोळून तेथे छिद्रे बुजतात की काय, हे पाहिले जाई. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार नाजूक. त्यामुळे माणसाला न बाधणारे पदार्थही तेथे दोषी ठरत.

मग माणसावर तपासायचे तर कोणत्या माणसावर? या प्रश्नाला अमेरिकेत जे उत्तर दिले गेले ते वाचून आमचे मन सुन्न झाले.

फिलाडेल्फिया शहरात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९५१ पासून १९७४ पर्यंत तेथील कैद्यांच्या अंगावर प्रयोग केले. कैद्यांत बहुसंख्य काळे होते. अनेकांवरचा खटला अजून उभाही राहिला नव्हता. जामिनाला पैसे नाहीत, एवढ्यासाठी ते आत होते. पाठीवर चौकोन आखून त्यांत निरनिराळे पदार्थ लावले जात. मोबदला म्हणून काही डॉलर हाती पडत. शाम्पू, पावडर, औषधे तर होतीच. पण १९६० च्या दशकात डायऑक्सिन या जहाल विषाचाही प्रयोग झाला. त्या विषाने मुरुमांसारखाच एक भयंकर विकार होतो. काय लावले जात आहे आणि त्याचा धोका काय, हे बहुतेकांना धड सांगितलेच गेले नाही.

मुरुमांवरचे ट्रेटिनॉइन हे मलम आज जगभर वापरतात. त्याचा मुरुमांवरील उपयोग क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. त्या कामाचा काही भागही याच कैद्यांच्या कातडीवर झाला होता. म्हणजे औषध चांगले निघाले, परंतु ज्यांच्या अंगावर ते पारखले गेले त्यांना माणूस म्हणून मोजले गेले नाही.

ॲलन हॉर्नब्लम यांनी १९९८ साली ‘एकर्स ऑफ स्किन’ हे पुस्तक लिहून हा प्रकार जगापुढे आणला. सुमारे ३०० माजी कैद्यांनी २००० साली दावा लावला. मुदत उलटून गेली, या कारणाने तो टिकला नाही. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ साली माफी मागितली आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली. तोपर्यंत कितीतरी जण हे जग सोडून गेले होते. जे नकार देऊ शकत नाहीत त्यांचीच कातडी स्वस्त ठरते! ज्यांचा स्पर्शदेखील विटाळ मानला गेला, त्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

बशीत वाढलेली कातडी

सुदैवाने याच काळात दुसरी एक वाट तयार होत होती. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जेम्स राइनवल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ साली दाखवून दिले की, माणसाच्या कातडीच्या वरच्या थरातील पेशी शरीराबाहेर काचेच्या बशीत वाढविता येतात. याचा पहिला मोठा लाभ भाजलेल्या रुग्णांना झाला. १९८३ साली आगीत जवळजवळ पूर्ण भाजलेल्या दोन लहान भावांवर बोस्टनमध्ये उपचार झाले. त्यांच्याच शिल्लक कातडीच्या तुकड्यांपासून वाढविलेली कातडी लावून त्यांचे प्राण वाचविले गेले.

जी कातडी अंगावर लावता येते, तिच्यावर औषधही तपासता येते. ते कसे, हे समजून घेऊ. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या कातडीतून पेशी वेगळ्या करतात. एका बारीक जाळीवर त्या पेरतात. खालून अन्नरस मिळतो आणि वरची बाजू हवेत उघडी ठेवतात. हवा लागली की पेशी एकावर एक थर रचू लागतात. काही दिवसांत सर्वांत वर मेलेल्या पेशींचा कोरडा थरही तयार होतो, अगदी आपल्या अंगावर असतो तसा. नखाएवढे हे तुकडे फ्रान्समध्ये एपिस्किन आणि अमेरिकेत एपिडर्म या नावांनी तयार होतात.

त्यावर मलमाचा थेंब ठेवतात, ठरलेल्या वेळाने धुतात, आणि नंतर एक पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी त्या पिवळ्याचे जांभळे करतात, मेलेल्या करू शकत नाहीत. रंग मोजला की किती पेशी वाचल्या याचा हिशेब लागतो. निम्म्या किंवा त्याहून कमी वाचल्या, तर तो पदार्थ कातडीला दाहक ठरतो. कातडीचा दाह तपासण्याच्या या पद्धतीला ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली मान्यता दिली. यात ससाही नाही आणि कैदीही नाही.

तेल बनविणाऱ्या पेशी

पण मुरुमांची खरी सुरुवात तेलग्रंथीत होते, आणि वर सांगितलेल्या तुकड्यांत तेलग्रंथी नसते. तेलग्रंथीच्या पेशींचा स्वभावच असा की, पोटात तेल भरत जायचे आणि शेवटी फुटून मरायचे. त्यामुळे त्या बशीत फार दिवस टिकत नसत. १९९९ साली बर्लिनमध्ये डॉ. ख्रिस्तोस झुबुलिस आणि सहकाऱ्यांनी एका ८७ वर्षांच्या वृद्धेच्या चेहऱ्यावरील तेलग्रंथीच्या पेशी घेतल्या. एका विषाणूच्या जनुकाचा भाग त्यांत घालून त्यांना सतत वाढत राहणारे केले. या पेशींना एसझेड-९५ म्हणतात. २००३ साली अमेरिकेत डॉ. डायन थिबुटो यांच्या प्रयोगशाळेने सेब-१ नावाच्या अशाच पेशी तयार केल्या.

आता संशोधक बशीतल्या या पेशींना तेल बनवायला लावतात, त्यांवर औषध घालतात आणि रंग देऊन आतले तेलाचे थेंब कमी झाले का ते मोजतात. सूज आणणारी द्रव्ये घटली का, हेही पाहतात. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या अमेरिकेत १९८२ पासून मुरुमांवर दिल्या जातात. त्या तेल इतके कमी कशा करतात, हे मात्र नीट कळले नव्हते. २००६ साली सेब-१ पेशींवरच्या कामातून दिसले की, हे औषध तेलग्रंथीच्या पेशींची वाढ रोखते आणि त्यांना स्वतःहून मरायला लावते.

येथे आमच्या भगिनींसाठी एक सूचना आवश्यक आहे. आयसोट्रेटिनॉइनने पोटातील बाळाला गंभीर व्यंग येऊ शकते. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणीही घेऊ नये. गरोदर स्त्रीने किंवा दिवस जाण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने तर मुळीच घेऊ नये.

बशीची मर्यादा

मग माणसावर चाचणीची गरजच उरली नाही का? तसे नाही. बशीतल्या कातडीत रक्त वाहत नाही. तिला नसा नाहीत, पाळी नाही, घाम नाही, जागरण आणि परीक्षेची काळजीही नाही. म्हणून तेथे जे खरे ठरते ते माणसात खरे ठरेलच असे नाही.

दोन उदाहरणे पाहा. भांगेच्या झाडातील कॅनाबिडिऑल हे द्रव्य एसझेड-९५ पेशींचे तेल कमी करते, असे २०१४ साली हंगेरीतील संशोधकांनी दाखविले. मोठी आशा निर्माण झाली. परंतु २०१९ साली शेकडो रुग्णांवर त्या द्रव्याचे औषध तपासले, तेव्हा ते औषध नसलेल्या नुसत्या लेपापेक्षा सरस ठरले नाही. याउलट क्लॅस्कोटेरोन नावाचे मलम तेलग्रंथीच्या पेशींवर उपयोगी दिसले, हजाराहून अधिक रुग्णांवरच्या चाचण्यांतही टिकले, आणि २०२० साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. बशी ही पहिली चाळणी आहे. शेवटची चाळणी माणूसच आहे, पण ज्याला सर्व सांगून विचारले आहे आणि जो नाही म्हणू शकतो, असा माणूस.

बशीतल्या पेशीही कोणाच्या तरी असतात, हे विसरता कामा नये. १९५१ साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या काळ्या स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्यांवर जगभर संशोधन झाले, व्यापारही झाला. तिच्या वारसांनी एका कंपनीवर दावा लावला आणि तडजोड व्हायला २०२३ साल उजाडले.

आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास २०१४ साली बंदी आली. २०२३ साली औषध चाचण्यांच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांऐवजी अशा पेशींच्या पद्धती वापरण्याची वाट मोकळी झाली.

आपल्या घरातला प्रयोग

आता आमच्या अभ्यासवर्गातल्या त्या मुलीकडे परत येऊ. एकीकडे शास्त्रज्ञ मलमाचा एक थेंब आधी नखाएवढ्या कातडीवर ठेवून पेशी मोजत बसतात. दुसरीकडे आपण शेजारणीच्या एका शब्दावर तीच चाचणी पोटच्या मुलीच्या गालावर करतो! स्टेरॉइडने सूज तात्पुरती दबते, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल होते, मुरुमे उसळतात, आणि मलम थांबवले की आग होते म्हणून पुन्हा तेच लावावेसे वाटते. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. तरीही ती ट्यूब दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालीच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मुरुमे पिळू नका. चेहरा सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवा, तेवढे पुरे. गोरे करणारे कोणतेही मलम मुरुमांवर लावू नका. महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावले असेल तर ते एकदम न सोडता आधी डॉक्टरांना दाखवा. योग्य औषधाचा गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत चमत्कार करणाऱ्या ट्यूबवर संशय घ्या. आणि मुलगा असो वा मुलगी, त्यांच्या चेहऱ्यावरून घरात थट्टा करू नका.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला हे सारे सांगितले. होम्सबर्गचे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे काका, त्यांना कोणी विचारलं नाही, आणि मी कोणाला विचारलं नाही.’’

मुलांनो, विचारत जा. हे औषध कशाचे आहे? ते कोणावर तपासले? आणि लावण्यापूर्वी मला सर्व सांगितले का? डॉक्टरला विचारा, दुकानदाराला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.