पुणं बघायला गाडी लागत नाही

परवा लातूरहून मावसभावाचा फोन आला. "सुट्टीत चौघं येतोय. पुणं दाखव. दिवसभराची एक गाडी तेवढी ठरवून ठेव." काय बघायचं हे ठरायच्या आधी गाडी ठरली होती. आमच्या पेठेतल्या घरी सुट्ट्या लागल्या की हा फोन येतोच, कधी साताऱ्याहून, कधी ठाण्याहून. संध्याकाळी तेच पाहुणे सोफ्यावर अंग टाकून म्हणतात, "पुणं फार महाग बुवा. आणि बघण्यासारखं तसं काही नाही." सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहून ठेवतो.

गैरसमज: पुणं बघायचं तर दिवसाची गाडी करावीच लागते.

वस्तुस्थिती: जुनं पुणं वसलं तेव्हा लोक पायी चालत होते, आणि ते अजूनही पायी चालण्याच्याच मापाचं आहे. कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग, मंडई, विश्रामबागवाडा आणि केळकर संग्रहालय ही सगळी यादी जेमतेम दीड-दोन किलोमीटरांत संपते. एवढ्यासाठी गाडी! लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता, तिन्ही एकेरी. एक वळण चुकलं की पुन्हा सगळा वळसा. त्यातून पोचलात तरी गाडी लावायला जागा नाही. मग ड्रायव्हर म्हणतो, "तुम्ही बघून या, मी फिरत राहतो." तो फिरतो, तुम्ही घड्याळ बघता, आणि तुळशीबाग राहून जाते. गाडीने आलेले पाहुणे पेठांमधून नेहमी अर्धंच पुणं बघून परततात, तेही पैसे मोजून.

आता खर्चाचा हिशेब करू. शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. भारतीयांना तिकीट 25 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. विश्वास बसत नसेल तर तिकीटखिडकीवरचा फलक वाचा. पाताळेश्वर फुकट, पर्वती फुकट, सारसबाग फुकट. म्हणजे आई-बाबा आणि दोन शाळकरी मुलांची या पाचही ठिकाणांची मिळून तिकिटं होतात 100 रुपयांची. बाकी पैसे गाडीत गेले, आणि महाग कोण ठरलं? पुणं.

आगाखान पॅलेस लांब आहे, मान्य. महात्मा गांधींना ऑगस्ट 1942 पासून मे 1944 पर्यंत तिथे स्थानबद्ध ठेवलं होतं. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा तिथेच गेले, त्यांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. तिथे जायला वनाज-रामवाडी मेट्रो आहे. कल्याणीनगरला उतरून थोडं चालावं लागतं. पेठांसाठी स्वारगेटची भुयारी मेट्रो सप्टेंबर 2024 पासून सुरू आहे, कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्थानकं ऐन जुन्या गावात आहेत. दिवसभर बसनेच हिंडायचं असेल तर पीएमपीचा शहरातला एका दिवसाचा पास जून 2025 च्या दरवाढीनंतर 70 रुपयांचा झाला. वाढला म्हणून आम्ही पुणेकर कुरकुरलो, तरी गाडीच्या भाड्याशी त्याची तुलनाही नको.

एक कबूल करतो. पुण्यात चालणं सुखाचं नाही. फुटपाथवर दुचाक्या लागलेल्या असतात, आणि रस्ता ओलांडताना देव आठवतो. सोबत आजी-आजोबा असतील तर टप्प्याटप्प्याने मीटरची रिक्षा करा. पण गाडी दिवसभर दाराशी उभी ठेवू नका.

गैरसमज: शनिवारवाड्यात आत काही नाही, तिकीट वाया जातं.

वस्तुस्थिती: 1828 च्या आगीत लाकडी महाल जळाले, हे खरं. उरले ते जोते, हजारी कारंजे, तटबंदी आणि खिळ्यांचा दिल्ली दरवाजा. जोत्यांवर उभं राहून खोल्या मनात उभ्या करायच्या. तेवढाही वेळ नसेल तर बाहेरूनच फोटो काढा, 25 रुपये वाचतील.

गैरसमज: तिथे रात्री "काका, मला वाचवा" ऐकू येतं.

वस्तुस्थिती: नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 चा. रात्री वाडा बंद असतो, मग आत जाऊन ऐकलं कोणी? बाहेरून ऐकू येतात ते हॉर्न.

गैरसमज: लाल महाल शिवकालीन आहे.

वस्तुस्थिती: शाहिस्तेखानावरचा 1663 चा छापा लाल महालातलाच, पण आजची वास्तू महापालिकेने 1980 च्या दशकात उभारलेली आहे. मुलांना दाखवताना हे सांगा.

गैरसमज: फुकट ठिकाण म्हणजे साधंच असणार.

वस्तुस्थिती: पाताळेश्वराचं लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं. गोल नंदीमंडपासकट सगळं एका खडकातून कोरलेलं. तिकीट नाही म्हणून जंगली महाराज रस्त्यावरून लोक त्याच्या दारावरून पुढे निघून जातात.

गैरसमज: संग्रहालय म्हणजे कंटाळा.

वस्तुस्थिती: दिनकर केळकरांनी आपल्या दिवंगत लहानग्या राजाच्या स्मृतीसाठी अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या अशा वीस हजारांहून जास्त वस्तू जमवल्या. इथे तिकिटाला थोडे जास्त पडतात, तेवढे खुशाल द्या.

गैरसमज: दुपारी एक ते चार पुणं बंद असतं.

वस्तुस्थिती: चितळ्यांनीही 2017 पासून दुपारची सुट्टी सोडली. विनोद तेवढा चालू आहे.

गैरसमज: सिंहगडाला स्वतःची गाडी हवीच.

वस्तुस्थिती: पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते, तिथून पायवाटेने चढा. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही आहेच.

मावसभावाला मी एवढंच कळवलंय: गाडी ठरवलेली नाही. सकाळी आठला कसबा पेठ स्थानकाबाहेर उभा असेन, चपला चालायच्या घाला. उशीर नको. दहानंतर लक्ष्मी रस्ता जागा होतो, मग चालणाऱ्यालाही वाट मिळत नाही.