विहिरीचें निर्मळ पाणी आणि क्रोमियम

विहिरीच्या पाण्याची परीक्षा घरोघरीं ठरलेली असते. पाणी डोळ्यांना निर्मळ दिसलें, जिभेला गोड लागलें आणि त्यांत डाळ लौकर शिजली, म्हणजे तें उत्तम असें मानावयाचें. पावसाळ्यांत शंका आलीच तर तुरटी फिरवावयाची व पाणी उकळून घ्यावयाचें. रोगजंतूंच्या बाबतींत उकळण्याचा उपाय अगदीं योग्य आहे. परंतु कारखान्यांच्या शेजारच्या विहिरींत जीं धातूंचीं विषें उतरतात, तीं या परीक्षेला मुळींच जुमानीत नाहींत. तामिळनाडूंतील राणीपेट येथें जें घडलें, त्यावरून हें चांगलें समजतें.

राणीपेट हें पालार नदीच्या कांठचें, कातडीं कमावण्याच्या धंद्याचें गांव. या धंद्यास क्रोमियम धातूचे क्षार लागतात. ते तयार करणारा एक कारखाना तेथें १९७५ च्या सुमारास निघाला आणि वीसएक वर्षांनीं बंद पडला. कारखाना गेला, त्याचा गाळ मात्र जागच्या जागीं राहिला, आणि तोही थोडाथोडका नव्हे, दोन लाख टनांच्या आसपास! जगांतील अत्यंत दूषित अशा दहा ठिकाणांची एक यादी न्यूयॉर्कच्या एका संस्थेनें २००६ सालीं प्रसिद्ध केली, तींत राणीपेटचें नांव होतें.

हा गाळ पाण्यांत कसा उतरतो? क्रोमाइट नांवाचें खनिज सोडाखाराबरोबर भट्टींत भाजतात व मग पाण्यानें धुऊन त्यांतील क्रोमेट काढून घेतात. पण हें धुणें कधींच पुरें होत नाहीं. चहाची वापरलेली पूड पुन्हां उकळली तरी थोडा रंग सुटतोच. तसाच प्रत्येक पावसाळा या ढिगांतून नवा पिंवळा अर्क काढीत असतो.

क्रोमियमचीं रूपें मुख्यतः दोन: एक त्रिसंयुजी व दुसरें षट्संयुजी. पहिलें मातींत बहुधा घट्ट बसून राहतें व फारसें विरघळत नाहीं. क्रोमेट हें दुसरें रूप. त्यावर ऋण विद्युद्भार असतो आणि मातीच्या बहुतेक कणांवरही ऋणच असतो. समान भार एकमेकांस दूर लोटतात, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. शिशासारखा धातू मातीला पुष्कळ अंशीं चिकटून राहतो. क्रोमेट मात्र पाण्याबरोबर खडकांच्या भेगांतून थेट विहिरीपर्यंत प्रवास करतें.

येथेंच डोळ्यांची फसगत होते. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत एका लिटरला एकंदर क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक असूं नये. पिंवळी झांक डोळ्यांना जाणवण्यास तें लिटरला मिलिग्रॅमभर तरी असावें लागतें. म्हणजे पाणी पिंवळें दिसेपर्यंत मर्यादा वीस पटींनीं ओलांडलेली असते, आणि तोंवर घरांतील मंडळी तेंच पाणी "निर्मळ" म्हणून पीत असतात. उकळल्यानें तर उलटच होतें. वाफ निघून जाते, धातू भांड्यांत राहतो, आणि पाणी आटून निम्में झालें कीं विषाचें प्रमाण दुप्पट होतें. तुरटीनें गढूळपणा खालीं बसतो, क्रोमेट बसत नाहीं. मातीच्या कांडीची गाळणीही तें अडवीत नाहीं.

षट्संयुजी क्रोमियमची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होतो, हें सिद्ध झालेलें आहे. कातडीला लागल्यास खोल व्रण पडतात. पोटांत गेलेल्या क्रोमेटचा बराच भाग जठरांतील आम्ल त्रिसंयुजी करून टाकतें, ही निसर्गाची कृपाच. पण ती अमर्याद नाहीं. अमेरिकेंत पाण्यावाटे तें उंदीर-घुशींना दीर्घकाळ दिलें, तेव्हां त्यांच्या तोंडांत व लहान आंतड्यांत गांठी झाल्या, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालें.

तेव्हां कारखान्याजवळ विहीर असल्यास पाणी प्रयोगशाळेकडे धाडावें, आणि धातूंची तपासणी हवी असें स्पष्ट लिहावें. नुसत्या जडपणाच्या व जंतूंच्या तपासणींत त्यांचा उल्लेखही येत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां तपासावें, कारण दोन्ही वेळचें पाणी सारखें नसतें. दोष आढळल्यास पिण्यास व स्वयंपाकास दुसरें पाणी आणणें हाच सरळ मार्ग. उलट अभिसरणाचें यंत्र बरेंचसें क्रोमेट वेगळें करतें, पण त्याच्या फेंकून द्यावयाच्या पाण्यांत तें सांठलेलें असतें आणि तें पाणी परसांत सोडलें तर तें पुन्हां जमिनींत जिरतें.

हिराकशीनें षट्संयुजी क्रोमियमचें त्रिसंयुजी होतें व तें सांक्यासारखें तळाशीं बसतें. मोठ्या कामांत तिचा उपयोग करतात. घरच्या विहिरींत करण्याचा हा प्रयोग नव्हे. मोठ्या कामालाही किती काळ लागतो, हें कॅलिफोर्नियांतील हिंकले येथें दिसतें. तेथें एका वायुवाहिनीच्या केंद्रांत १९५२ ते १९६६ पर्यंत, पाणी थंड करण्याच्या मनोऱ्यांना गंज चढूं नये म्हणून, क्रोमेट वापरीत व तें पाणी उघड्या तळ्यांत सोडीत. १९९६ सालीं रहिवाशांना ३३.३ कोटी डॉलर भरपाई मिळाली. जमिनीखालचें पाणी शुद्ध करण्याचें काम अद्याप चालूंच आहे.